पाचवीच्या आधी, बारशाच्या आत

रात्रभर झोपणारं, पाजायला मुद्दाम उठवावं लागणारं लेकरू बाळंतिणीच्या खोलीत कौतुकाचा विषय असतं. ‘मोठं गुणाचं हाये, रडतच नाही वं माय,’ असं वऱ्हाडातली आजी शेजारणीला अभिमानाने सांगते. कावीळ रेंगाळली तर बाळाला कोवळ्या उन्हात धरतात. शी दोन-तीन दिवस झाली नाही तर गुटीत हिरड्याचे वेढे वाढतात. बेंबी फुगून वर आली तर तिच्यावर नाणं ठेवून फडकं बांधतात. रडण्याचा आवाज घोगरा असेल तर तो आजोबांवर गेला असं ठरतं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ असते, आणि बहुतेक बाळांत ती खरोखरच किरकोळ असते. पण या सगळ्या एकाच बाळात जमून आल्या, जीभ जाडसर होऊन तोंडाबाहेर डोकावू लागली, कातडी कोरडी आणि अंग गार लागू लागलं, तर कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या मनात पहिली शंका थायरॉईडची येते. बाळाच्या गळ्यातली ती छोटी ग्रंथी एक तर तयारच झालेली नसते, किंवा असूनही पुरेसं काम करत नसते.

इतकी लक्षणं गोळा होईपर्यंत मात्र बराच उशीर झालेला असतो. हा आजार, म्हणजे जन्मजात हायपोथायरॉयडिझम, असलेल्या शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक बाळांत जन्माच्या वेळी ओळखू येण्यासारखं काहीच नसतं. वजन चांगलं, रंग चांगला, रडणंही ठीक. डोळ्यांत तेल घालून तपासलं तरी डॉक्टरला ते सापडत नाही. त्याचं कारण आई. पोटात असताना आईच्या रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक, वारेतून थोडं थोडं बाळाकडे जात असतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1989 मध्ये ज्यांना स्वतःचं थायरॉक्सिन मुळीच बनवता येत नव्हतं अशा बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा त्यातही हे संप्रेरक बऱ्यापैकी मिळालं. ते सगळं आईचं होतं. ही शिदोरी जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत संपते. मग बाळाची वाढ मंदावते, आणि त्याच काळात मेंदू आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या वेगाने वाढत असतो.

थायरॉक्सिनशिवाय हृदय, आतडी, हाडं सगळीच सुस्तावतात, पण औषध मिळालं की ती पुष्कळशी सावरतात. मेंदूचं तसं नाही. चेतापेशींची जोडणी आणि त्यांच्यावर चढणारं आवरण यांचं मोठं काम पहिल्या दोन-तीन वर्षांत उरकतं आणि त्यातही सुरुवातीचे आठवडे सर्वांत नाजूक. अमेरिकेत 1972 मध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटतात. तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक 89 होता. तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेल्यांचा सत्तरच्या आसपास. सहा महिन्यांनंतर ज्यांना औषध मिळालं त्यांचा 54. आजार तोच, गोळीही तीच. फरक पडला तो फक्त तारखेने. आणि 89 सुद्धा पुरेसा नव्हता, हे पुढे दोन आठवड्यांच्या आत उपचार मिळालेल्या मुलांनी दाखवून दिलं. ही मुलं आपल्या भावंडांसारखीच शिकली.

म्हणजे जगात टाळता येण्यासारख्या मतिमंदत्वाची जी कारणं आहेत, त्यांत हे सर्वांत सहज टाळता येणारं. औषध दिवसाला रुपया-दोन रुपयांचं. तपासणी रक्ताच्या काही थेंबांची. मग अडतं कुठे, हे पाहायचं तर प्रयोगशाळेपासून सुरुवात करून चालत नाही. शिरपूरसारख्या गावापासून सुरुवात करावी लागते.

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन देशभर ठाऊक आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांच्या वादात 1981 पासून कुलूपबंद असलेलं हे मंदिर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं आणि गुजरात-राजस्थानपर्यंतचे यात्रेकरू पुन्हा येऊ लागले. यात्रा सोडली तर गाव वऱ्हाडातल्या कोणत्याही मोठ्या गावासारखं आहे: भोवती सोयाबीन, तूर, कपाशी, हंगाम संपला की कामाच्या शोधात पुण्या-मुंबईकडे निघणारी माणसं, आणि दुखणं थोडं मोठं झालं की मालेगाव, वाशिम, तिथून पुढे अकोला असा ठरलेला रस्ता. वाशिम जिल्हा अकोल्यातून 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला. 2018 मध्ये केंद्राने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादच्या जोडीला वाशिमचं नाव आलं.

या जिल्ह्यात वर्षाला अशी किती बाळं जन्मत असतील? 2011 च्या जनगणनेत वाशिमची लोकसंख्या 11,97,160 होती. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या घरात धरला तर वर्षाला सुमारे अठरा हजार बाळं होतात. आता भारतीय आकडे घ्यायचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या पाच केंद्रांवर एक लाखाहून अधिक नवजात बाळं तपासली. 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दर 1,172 बाळांमागे एकाला हा आजार निघाला. पाश्चात्त्य देशांत दोन ते चार हजारांमागे एक असं प्रमाण पूर्वापार सांगितलं जातं, त्याच्या मानाने हे बरंच जास्त आहे. या हिशोबाने वाशिम जिल्ह्यात वर्षाला पंधराच्या आसपास बाळं निघतील. मुंबईतला जुना, सौम्य आकडा (2,804 मागे एक) धरला तरी सहाएक. अंदाजच आहे हा, पण दहा वर्षांत साठ ते दीडशे मुलं म्हणजे एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा पट. यांपैकी काहींत आजार तात्पुरता असतो आणि काहींचा सौम्य. पण कोणाचा कसा हे जन्मल्याबरोबर कळत नाही.

मुंबईच्या त्या जुन्या आकड्याची गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही.

तिची पहिली पावलं अमेरिकेत पडली. बफेलो शहरातल्या रॉबर्ट गथ्री या डॉक्टरचा मुलगा मतिमंद होता आणि त्याच्या भाचीला फिनाइलकीटोन्युरिया नावाचा चयापचयाचा आजार उशिरा सापडला. बाळाच्या टाचेतून निघालेलं रक्त साध्या गाळणकागदावर टिपायचं, वाळवायचं आणि टपालाने प्रयोगशाळेत पाठवायचं, ही त्याची युक्ती. 1963 मध्ये ती प्रसिद्ध झाली. नळी नको, बर्फ नको, गाडी नको. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात ज्याँ दुसो यांनी त्याच कागदावरच्या वाळलेल्या ठिपक्यातून थायरॉक्सिन मोजून दाखवलं आणि 1974 पासून त्या प्रांतातल्या बाळांची थायरॉईडसाठी तपासणी सुरू झाली. पाच-सात वर्षांत जपान, युरोप, अमेरिका यांनी ती उचलली.

मुंबईत डॉ. मीना देसाई यांनी जवळपास त्याच सुमारास हे काम हाती घेतलं. मुलांच्या संप्रेरकांचे आजार ही वैद्यकाची वेगळी शाखा आहे हे भारतात ज्यांनी रुजवलं, त्यांत त्यांचं नाव अगदी वरचं. परळच्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 12,407 नवजात बाळांचे फिल्टर पेपरवरचे नमुने तपासले आणि 1987 मध्ये निष्कर्ष मांडले: दर 2,481 बाळांत एक. 1994 पर्यंत ही संख्या 25,244 वर गेली आणि प्रमाण निघालं 2,804 मागे एक. भागाकार करून पाहिला तर पंचवीस हजारांत नऊ बाळं. 1987 च्या शोधनिबंधाच्या नावातच विकसनशील देशातल्या ‘अडचणी आणि डावपेच’ असे शब्द आहेत, आणि हे काम वाचताना जाणवतं की खरी झुंज रसायनशास्त्राशी नव्हती. बाळंतीण लवकर घरी जाते, पत्ता अपुरा असतो, परत बोलावलेलं बाळ येतच नाही. चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत जे घडत होतं, ते आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी जसंच्या तसं घडू शकतं.

एवढी लवकर सुरुवात होऊनही पुढे राज्यभराचा कार्यक्रम उभा राहिला नाही, ही चुटपुट लागून राहते. सरकारी पातळीवर सर्व नवजात बाळांची तपासणी करायचं ठरवणारं पहिलं राज्य ठरलं शेजारचं चिमुकलं गोवा, 2008 मध्ये. नंतर केरळने जन्मजात हायपोथायरॉयडिझमसह चार आजारांसाठी सरकारी दवाखान्यांतच सोय केली. फिलिपिन्ससारख्या, आपल्याइतक्याच अडचणी असलेल्या बेटांच्या देशाने 2004 मध्ये त्यासाठी कायदा केला. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये जन्मलेल्या मराठी बाळाची टाच आईबापांनी न मागताही टोचली जाते. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत ती पैसे मोजून टोचून घेता येते, बहुधा पन्नासेक आजारांच्या महागड्या पॅकेजमध्ये. त्या पन्नासांतले बहुतेक आजार लाखात एखादे. आणि ज्या एका तपासणीने सर्वांत जास्त मुलं वाचतात, ती टीएसएचची, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाची, तपासणी सर्वांत स्वस्त.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो महाराष्ट्रातूनच, फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तीसेक आजार आणि दोष शोधायचे असा त्याचा आवाका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येणारी ती डॉक्टरांची गाडी शिरपूरच्या आसपासच्या प्रत्येक पोराने पाहिलेली आहे. दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, हृदयातली छिद्रं यांसाठी या कार्यक्रमाने खरोखर मोठं काम केलं. पण त्याच्या यादीत शेवटी, तिसाव्या ओळीत, सिकलसेल आणि थॅलेसेमियाबरोबर जन्मजात हायपोथायरॉयडिझम बसवला आहे आणि त्याच्यापुढे कंसात एक शब्द आहे: ऐच्छिक. राज्याला वाटलं तर करावं. शिवाय फिरत्या पथकाची रचनाच अशी की ते बाळाला गाठतं ते सहा आठवड्यांनंतर. या आजारासाठी तोपर्यंत वेळ टळून गेलेली असते. हा एक शब्द काढून टाकणं, आणि काढल्यावर त्यामागे पैसा, प्रयोगशाळा आणि माणसं उभी करणं, ही आरोग्य खात्याकडे करण्याजोगी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा मोबदला देणारी मागणी आहे.

वाशिमकडे लक्ष गेलंच नाही असंही नाही. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ‘उम्मीद’ नावाचा उपक्रम जाहीर केला. आनुवंशिक आजारांवर उपचार करता येतील अशी केंद्रं सरकारी रुग्णालयांत उभारायची, डॉक्टरांना शिकवायचं, आणि सात आकांक्षित जिल्ह्यांत गर्भवतींची व नवजात बाळांची तपासणी करायची, अशी त्याची आखणी. हरियाणातला मेवात, कर्नाटकातला यादगीर, उत्तराखंडातला हरिद्वार, झारखंडातले रांची आणि बोकारो, उत्तर प्रदेशातला श्रावस्ती. आणि महाराष्ट्रातून वाशिम. उपचाराने किंवा वेळीच काळजी घेऊन टाळता येतील असेच आजार त्यासाठी निवडायचे होते. असे प्रकल्प एक गोष्ट नक्की सिद्ध करतात: वाशिमच्या बाळाच्या टाचेतलं रक्त महानगरातल्या यंत्रापर्यंत नेणं अवघड नाही. पण प्रकल्पाला मुदत असते, आणि बाळं मुदत संपल्यावरही जन्मतात. म्हणून हे काम लसीकरणासारखं रोजच्या रामरगाड्यात मिसळायला हवं.

ते कसं मिसळेल, हे एका बाळाच्या मागे चालत गेल्यावर कळतं.

महाराष्ट्रात आता शंभरातली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे बाळ हाताशी आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवणासकट मोफत मुक्काम आहे. टाचेतून रक्त घेण्याची चांगली वेळ जन्मानंतर 48 ते 72 तासांची. त्याआधी घेतलं तर घोळ होतो, कारण जन्मल्याबरोबर बाहेरची गार हवा लागताच प्रत्येक बाळाच्या मेंदूतली पीयूषिका ग्रंथी टीएसएच एकदम उसळवते आणि ते ओसरायला दीड-दोन दिवस लागतात. घाईने घेतलेल्या नमुन्यात निरोगी बाळही आजारी दिसतं, आणि त्याच्या आईची झोप उडते. कागदावर सगळं जुळतं. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी घरचे म्हणतात, ‘सुटी द्या.’ घरी दुसरं लेकरू आहे, शेतात सोंगणी आहे, वॉर्डात खाटा कमी आहेत. 102 क्रमांकाची गाडी बाळंतिणीला घरी सोडते आणि 48 तास भरतात ते घरी पोहोचल्यावर.

यावर एक चांगला तोडगा आहे: नाळेतलं रक्त. बाळ जन्मताच वारेच्या बाजूच्या नाळेतून, बाळाला न टोचता, नमुना घेता येतो. त्यातलं टीएसएच जन्मानंतरच्या उसळीआधीचं असल्याने भरवशाचं असतं. भारतीय बाल-संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तिसऱ्या दिवसाच्या टाचेच्या रक्ताबरोबर नाळेचं रक्तही चालेल असं म्हटलं आहे. दुसरे आजार त्यातून नीट कळत नाहीत ही त्याची मर्यादा. पण शिरपूरच्या परिसरातल्या दवाखान्यांचा विचार केला तर हाच मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. प्रसूतीच्या खोलीत नर्स हजर असते आणि बाळ निघून जाण्याची भीती नसते. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, जुळी आणि आजारी बाळं यांचा नमुना मात्र दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा घ्यावा लागतो, कारण त्यांचं टीएसएच उशिरा वाढतं.

टाचेचं रक्त घ्यायचं तर त्यालाही हात बसावा लागतो. टाच आधी ऊबदार करायची. टोचायचं ते टाचेच्या कडेला. मध्यभागी टोचलं तर हाडाला इजा होऊ शकते. पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढचा मोठा थेंब कागदावरच्या गोलात एकाच बाजूने, एकदाच सोडायचा, आरपार भिजेल असा. थेंबावर थेंब चढवला किंवा टाच पिळली तर नमुना वाया गेला. मग कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवायचं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात, पारा 42 च्या वर असताना, पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत राहिलेलं कार्ड काय सांगेल याचा भरवसा नाही. चोवीस तासांत ते पाकिटातून निघायला हवं. ‘उद्या दहा कार्डं जमली की पाठवू’ असं म्हणणं म्हणजे एखाद्या बाळाचे तीन दिवस घालवणं.

आणि तरीही हे सगळं सोपं आहे. अवघड आहे तो परतीचा प्रवास.

प्रयोगशाळेतून निरोप येतो: अमक्या कार्डावरचं टीएसएच वाढलेलं आहे, बाळाला लगेच बोलवा. कार्डावर आईचं नाव आणि एक मोबाइल नंबर. पहिलं बाळंतपण असेल तर आई माहेरी आहे. नाव सासरचं लिहिलंय, पत्ता आधार कार्डावरचा, म्हणजे सासरचा किंवा लग्नाआधीचा. नंबर नवऱ्याचा, आणि नवरा पुण्याला कंपनीत किंवा कुठल्या वीटभट्टीवर. फोन लागला तरी त्याला काय सांगणार? अनोळखी आवाज सांगतो, तुमच्या बाळाच्या रक्तात दोष आहे. तो घाबरतो नाही तर फसवणुकीचा फोन समजून कापतो. तिकडे बाळ दूध पितंय, झोपतंय, छान आहे. सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही असं घरात ठरलंय. चार-आठ दिवसांनी बघू, असं म्हणत म्हणत महिना उलटतो.

या साखळीचा निसटलेला दुवा जोडणारी व्यक्ती गावात आधीपासून आहे: आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. वजन करणं, ताप पाहणं, अंगावरच्या दुधाबद्दल बोलणं ही कामं ती करतेच. अहवाल प्रयोगशाळेतून थेट तिच्या फोनवर आला, तर सातव्या दिवशीच्या भेटीत तिला विचारता येईल की बाळाचं रक्त दुसऱ्यांदा तपासलं का. माहेरच्या गावची आशा वेगळी, सासरच्या गावची वेगळी. दोघींची नावं कार्डावर हवीत. आईचा, आजीचा असे दोन नंबर हवेत. आणि या जास्तीच्या कामाचा मोबदला आशेला वेगळा मिळायला हवा. तिच्यावर आधीच डझनावारी सर्वेक्षणांचं ओझं आहे, आणि हे काम फुकटात तिच्या माथी मारणं अन्याय होईल.

ज्या घरात ती जाते तिथे दिवस दुसऱ्याच पद्धतीने मोजले जातात. पाचवीच्या रात्री पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणून. बाराव्या दिवशी बारसं. आरोग्य खात्याच्या भाषेतले ‘48 ते 72 तास’ आणि ‘चौदा दिवस’ कोणत्याही आजीच्या लक्षात राहणार नाहीत. पण रक्त पाचवीच्या आधी आणि औषध बारशाच्या आत, एवढं सांगितलं तर ते घरभर लक्षात राहील. हिशोब तंतोतंत बसतो.

अहवाल वाढलेला आला म्हणजे आजार ठरला असं नाही. पडताळणीसाठी शिरेतलं रक्त घेऊन टीएसएच आणि टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन, मोजावं लागतं. बाल-संप्रेरकतज्ज्ञांची सूचना अशी आहे की पहिल्या नमुन्यात टीएसएच 40 च्या वर असेल तर बाळाला तडक बोलवायचं. 20 ते 40 च्या मध्ये असेल तर सात ते दहा दिवसांच्या वयाला पुन्हा तपासायचं. पडताळणीचं रक्त काढल्यावर आकडे स्पष्ट वाईट असतील तर गोळी त्याच दिवशी सुरू करतात. ग्रंथी आहे की नाही, भलत्या जागी आहे का, हे पाहणारा स्कॅन मोठ्या शहरातच होतो; तो नंतर, अगदी तिसऱ्या वर्षीही करता येतो. स्कॅनसाठी नागपूरची तारीख मिळेपर्यंत औषध थांबवणं ही या आजारातली सर्वांत महागात पडणारी चूक.

औषध म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. सुरुवातीची मात्रा वजनाच्या किलोमागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या बाळाला दिवसाला 30 ते 45, म्हणजे 25 मायक्रोग्रॅमच्या साधारण दीड गोळ्या. आपल्याकडे बाळांसाठी याचं पातळ औषध सहज मिळत नाही. गोळी दोन चमच्यांमध्ये चुरायची, आईच्या दुधाच्या किंवा पाण्याच्या काही थेंबांत कालवायची आणि लगेच पाजायची. आठवड्याचं एकदम करून बाटलीत ठेवायचं नाही, ते टिकत नाही. दुधाच्या पूर्ण वाटीत किंवा बोंडल्यात मिसळायचं नाही. बाळाने अर्धं टाकलं तर मात्राही अर्धीच जाते. लोहाचे आणि कॅल्शियमचे थेंब काही तास दूर ठेवायचे, कारण ते औषधाला आतड्यातच अडवतात. सोयाबीनच्या जिल्ह्यात एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी: आईने सोयाबीन खाल्लं तर काही बिघडत नाही, पण बाळाला सोया पावडरीचं दूध दिलं तर औषध कमी लागू पडतं. आणि गुटी? ती बाळाला न देणंच बरं, आणि या गोळीसोबत तर नाहीच.

दोन आठवड्यांत टी-फोर जागेवर येतं, महिनाभरात टीएसएच. पहिल्या सहा महिन्यांत दर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून मात्रा वाढत्या वजनाशी जुळवत राहावी लागते. तेवढ्यासाठी अकोला गाठण्याची वेळ येऊ नये. वाशिमला 2024 मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे उपयोगी पडू शकेल: पडताळणीची तपासणी आणि महिन्यातून एक ठरलेला वार, एवढं तिथे बसवलं तरी शिरपूरच्या आईचा दिवसाचा रोज वाचेल. बाळाची श्रवणचाचणीही करून घ्यावी, कारण या मुलांत ऐकू येण्याचे दोष थोडे जास्त सापडतात.

पालकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो दोषाचा. सासू सुनेकडे बघते, सून स्वतःकडे. शंभरातल्या पंच्याऐंशीएक बाळांत ग्रंथी गर्भात घडतानाच काही तरी राहून जातं आणि त्यात आईच्या खाण्यापिण्याचा, कामाचा, ग्रहणाचा काडीमात्र संबंध नसतो. उरलेल्यांत ग्रंथी असते पण संप्रेरक बनवण्याची एखादी पायरी जन्मतःच बंद असते. हा प्रकार आई आणि वडील दोघांकडून मिळून येतो. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत म्हणून तो अधिक दिसतो, आणि पुढच्या प्रत्येक बाळात तो येण्याची शक्यता चारात एक असते. अशा घरी दुसरं बाळ झालं तर तपासणीसाठी कोणा कार्यक्रमाची वाट पाहायची नाही. जन्मताच सांगायचं.

तिसऱ्या वर्षानंतर काही मुलांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनाभर थांबवून पाहतात. ज्यांचा आजार तात्पुरता होता ती तिथून मोकळी होतात. बाकीच्यांना गोळी जन्मभर. धोका उद्भवतो तो यानंतरच, कारण मूल पळतंय, शाळेत जातंय, चुणचुणीत आहे. रोज सकाळी अनशेपोटी ही गोळी कशाला, असं कोणाला तरी वाटतं. कोणी तरी ती ‘गरम पडते’ म्हणतं. मुलगी असेल तर आणखी एक भीती वाढते. लग्न ठरताना गोळीचं सांगायचं की नाही? कित्येक घरांत ते लपवलं जातं, आणि मग सासरी गेल्यावर मुलगी डबी दडवून ठेवते किंवा गोळी बंदच करते. हे बोलून दाखवायला हवं, कारण गोळी घेणारी मुलगी सर्वार्थाने निरोगी असते, तिला मुलंबाळं होतात. फक्त पाळी चुकली की तिने आठ-दहा आठवडे थांबायचं नाही. गरोदरपणात मात्रा साधारण पाव ते तिसरा हिस्सा वाढवावी लागते, तीही सुरुवातीलाच, पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी काम करू लागण्याआधी. शिरपूरच्या आशेच्या नोंदवहीत गर्भवतीचं नाव चढतं, तेव्हा रक्तगट आणि हिमोग्लोबिनच्या रकान्यांजवळच ‘लहानपणापासून थायरॉईडची गोळी चालू आहे का’ हा प्रश्नही विचारून घ्यावा, आणि उत्तर ‘हो’ असेल तर त्याच आठवड्यात तिचं रक्त तपासणीला पाठवावं.